तिकिटातलं जेवण, वरच्या पैशांचं जेवण

क्रूझचं तिकीट काढताना कोल्हापुरात पहिली चौकशी केबिनची होत नाही, जेवणाची होते. टूरवाला सांगतो, "नाष्टा, दोन्ही वेळचं जेवण सगळं तिकिटातच, काही काळजी करू नका." त्याचं खोटं नसतं. पण निघायच्या महिनाभर आधी जहाज कंपनीचं ॲप उघडावं तर तिथे दुसरंच दुकान मांडलेलं असतं. स्टेकहाउस (स्टेक म्हणजे भाजलेला मांसाचा जाड तुकडा) माणशी ६० डॉलर, सुशी वेगळी, तेप्पान्याकी, म्हणजे समोरच्या तव्यावरचं जपानी जेवण, वेगळं, शिवाय 'आत्ता घेतलं तर सवलत'. मग घरात शंका निघते. पैसे भरून चांगलं जेवण मिळणार असेल, तर तिकिटातलं जेवण म्हणजे नुसती पोट भरायची सोय की काय?

पदार्थ कोणता, त्यावर ते आहे. मटणाच्या खानावळीत बसणाऱ्याला हे चटकन कळेल. तांबडा-पांढरा रस्सा वाटीवर वाटी येतो, कोणी मोजत नाही. सुक्याची जादा प्लेट मात्र बिलात लागते. शिवाय शंभर माणसांच्या पातेल्यात रस्सा जसा उतरतो तसा चार माणसांच्या भांड्यात उतरत नाही, आणि भाकरी तव्यावरून ताटात पडायला दहा मिनिटं लागली की चिवट होते. जहाजावरच्या दोन जेवणांची वाटणीही साधारण अशीच पडते. मोठ्या भांड्यात सुधारणारे पदार्थ तिकिटातच उत्तम मिळतात. तव्यावरून थेट पानात यायला हवेत असे पदार्थ तिकिटात बिघडतात, आणि पैसे मोजायचेच असतील तर त्यांच्यासाठी मोजावेत.

तिकिटात काय काय येतं ते आधी उरकून टाकू. मेन डायनिंग, म्हणजे टेबलावर वाढणारं मोठं भोजनगृह. वरच्या डेकवरचा, म्हणजे मजल्यावरचा, बुफे. पिझ्झा किंवा बर्गरचा एखादा काउंटर. साधं पाणी, चहा, मशीनची कॉफी. बाटलीतलं पाणी, कोल्ड्रिंक, दारू, एस्प्रेसो यांचे बहुतेक जहाजांवर वेगळे पैसे पडतात. खोलीवर मागवलेल्या जेवणाला पोचवायचं शुल्क लावणाऱ्या कंपन्याही आता बऱ्याच आहेत. सगळीच जहाजं अशी नाहीत. ओशनिया आणि रीजंटसारख्या महागड्या कंपन्या स्पेशालिटी रेस्टॉरंटचे, म्हणजे एकाच प्रकारच्या खास जेवणाच्या रेस्टॉरंटचे, वेगळे पैसे घेत नाहीत, कारण ते तिकिटातच वसूल झालेले असतात. २०२१ मध्ये सुरू झालेल्या व्हर्जिन व्हॉयेजेसने तर बुफे आणि मेन डायनिंग दोन्ही काढून टाकले आणि लहान लहान रेस्टॉरंट तिकिटात दिली.

वरचे पैसे घेणारं रेस्टॉरंट ही आजकालची युक्ती आहे असं मानायचं कारण नाही. 'अमेरिका' नावाच्या जर्मन जहाजावर १९०५ मध्ये रिट्झ-कार्लटनच्या नावाचं रेस्टॉरंट होतं. १९१२ च्या 'टायटॅनिक'वर पहिल्या वर्गाचा प्रवासी मुख्य भोजनगृहात तिकिटावर जेवू शके, आणि मनात आलं तर लुइजी गॅटी यांच्या आ ला कार्त, म्हणजे मेन्यूतून हवा तो पदार्थ मागवायच्या, रेस्टॉरंटमध्ये वेगळं बिल देऊन. पुढे क्रूझचा जमाना आला तेव्हा ठरलेलं टेबल, ठरलेली वेळ आणि रोज तेच शेजारी ही पद्धत रुळली. नॉर्वेजियन क्रूझ लाइनने २००० साली 'फ्रीस्टाइल' नावाने ती मोडली. हवं तेव्हा, हवं तिथे जेवा, असं सांगितलं, आणि हवं तिथे म्हटल्यावर पैसे देऊन जेवायच्या जागाही वाढत गेल्या.

आता गॅलीत डोकावू. जहाजावरच्या स्वयंपाकघराला गॅली म्हणतात. रॉयल कॅरिबियनचं २०२४ मध्ये आलेलं 'आयकॉन ऑफ द सीज' पूर्ण भरलं तर ७,६०० प्रवासी नेतं. एवढ्या टोकाला न जाता मध्यम जहाज घेतलं, तरी मेन डायनिंगच्या एका बैठकीला हजारभर पानं होतात. पहिली बैठक साडेपाच-सहाला, दुसरी आठ-साडेआठला. लोक एकाच वेळी येऊन बसतात, वीस मिनिटांत सगळ्यांच्या ऑर्डरी गॅलीत येतात आणि त्यानंतर सगळ्यांना एकदमच सूप, मग एकदमच मुख्य पदार्थ हवा असतो.

ऑर्डर आल्यावर तवा तापवायचा, हे या गणितात बसत नाही. आज कोळंबी किती जाईल, कोकरू किती जाईल याचा अंदाज शेफ मागच्या फेऱ्यांवरून आधीच बांधून ठेवतो. मांसाला आधी ग्रिलवर रंग आणतात, मग वाफ आणि गरम हवा दोन्हीवर चालणाऱ्या कॉम्बी ओव्हनमध्ये ते शेवटास नेतात, आणि उचल होईपर्यंत गरम कपाटात ठेवतात. ताटली भरली की वर झाकण. वेटर अशा ताटल्यांची चळत मोठ्या ट्रेवर रचून खांद्यावर घेतो, आणि जिथे गॅली वेगळ्या डेकवर आहे तिथे जिना चढून किंवा उतरून येतो. तुमच्या पुढ्यात झाकण उघडेपर्यंत पदार्थ स्वतःच्याच वाफेत शिजत राहिलेला असतो.

या प्रवासात काय टिकतं आणि काय टिकत नाही, ते पदार्थागणिक सांगता येतं.

सूप टिकतात, नुसती टिकत नाहीत तर सुधारतात. हाडांचा अर्क काढायच्या विजेच्या मोठ्या कढया जहाजावर तासन्‌तास चालू असतात, आणि एवढा निवांत स्टॉक शहरातल्या बऱ्याच हॉटेलांत निघत नाही. झाकून मंद शिजवलेले पदार्थही तसेच: कोकराची नळी, रस्सेदार चिकन, डाळ, करी, दमाचा भात. अख्खा तुकडा ओव्हनमध्ये मंद भाजून वाढताना कापलेलं मांस मेन डायनिंगमध्ये ग्रिलवरच्या तुकड्यापेक्षा हमखास चांगलं निघतं, कारण मोठ्या तुकड्याच्या आत रस धरून राहतो. ब्रेड तर जहाजाचा बळकट भाग. बेकरी रात्रभर चालू असते आणि सकाळचे पाव खरोखर त्याच सकाळचे असतात.

बिघडतं ते असं. मीडियम-रेअर, म्हणजे आत गुलाबी राहील असा, सांगितलेला स्टेक झाकणाखाली मीडियम होऊन येतो. माशाचा पातळ तुकडा कोरडा पडतो. तळलेल्या कोळंबीचं आवरण वाफेने मऊ पडतं. रिझोतो, म्हणजे इटालियन मऊ भात, अर्धा शिजवून ठेवलेला असतो, त्यामुळे शेवटी तो एक तर घट्ट गोळा होतो नाही तर पातळ खिमट. पास्ता आधी उकळून थंड केलेला असतो आणि सॉसमध्ये फक्त परततात. सकाळच्या नाष्ट्याला एग्ज बेनेडिक्ट, म्हणजे पावावरचं पाण्यात शिजवलेलं अंडं, मागवलं तर वरच्या लोणी-अंड्याच्या हॉलंडेझ सॉसवर साय धरलेली असायची शक्यता मोठी. त्यापेक्षा बुफेत समोर करून देणारा ऑम्लेटचा तवा बरा.

यातलं थोडंफार आपल्या हातात असतं. मांस जेवढं कमी भाजलेलं हवं त्याच्या एक पायरी आधीचं सांगावं. सॉस वेगळ्या वाटीत मागावा. भाजलेल्या माशापेक्षा सॉसमध्ये शिजवलेला मासा घ्यावा. वेळेचं बंधन नसलेल्या डायनिंगमध्ये दार उघडतानाच जावं. मुख्य पदार्थ मनासारखा नसेल तर दोन-तीन स्टार्टर मागून त्यांचंच जेवण करावं, त्यात गैर काही नाही. ताटल्या लहान असतात आणि ठेवणही नीटस असतं. नाही आवडलं तर परत पाठवून दुसरं मागता येतं. यालाही मर्यादा पडायला लागल्या आहेत. कार्निव्हलने २०२३ पासून मेन डायनिंगमध्ये तिसऱ्या मुख्य पदार्थाला ५ डॉलर लावले. आपल्याकडे लोक लगेच म्हणतील की दोन खाऊन तिसरा मागतो कोण? मागणारे भरपूर असतात, म्हणूनच तो नियम आला.

वेटरचं महत्त्व मेन्यूपेक्षा जास्त. एक वेटर आणि त्याचा मदतनीस मिळून वीस-पंचवीस माणसं सांभाळतात. ठरलेलं टेबल घेतलं तर रोज तीच जोडी असते, आणि दुसऱ्या दिवसापासून हिरवी मिरची न मागता टेबलावर येते. जहाजांवर भारतीय कर्मचारी खूप. गोवा, मुंबईकडची मंडळी तर हमखास भेटतात. "आज काय चांगलं आहे?" असं विचारलं की ते मेन्यूतलं सगळंच चांगलं सांगतात, कारण तसं सांगायचं त्यांना शिकवलेलं असतं. "आज काय न खाता परत येतंय?" असं विचारावं. त्याचं उत्तर खरं मिळतं.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखीच अडते. आजच्या क्रूझ जहाजांच्या गॅलीत गॅसची ज्योत नसते. समुद्रात आगीइतकं भय दुसऱ्या कशाचं नाही, म्हणून सगळा स्वयंपाक विजेवर: इंडक्शन, विजेच्या पट्ट्या, ओव्हन. त्यामुळे ज्योतीवर फुगलेली भाकरी नाही, निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याचा धुरकट वास नाही, आणि नान असेल तर तो विजेच्या तंदूरचा किंवा ओव्हनचा. साठ डॉलर भरले तरी यात बदल होत नाही. चुलीवरच्या चवीची अपेक्षा घेऊन जहाजाच्या भारतीय काउंटरपुढे उभं राहिलं, तर त्या आचाऱ्यावर अन्याय होतो.

बुफेची बदनामी थोडी जास्तच झाली आहे. बोर्डिंगच्या दिवशी दुपारी बारा ते दीड सगळं जहाज बुफेत लोटतं आणि तीच पहिली आठवण मनात राहते. त्या दुपारी बऱ्याच जहाजांवर मेन डायनिंगही उघडं असतं, पण कोणी सांगत नाही. दारात उभ्या कर्मचाऱ्याला विचारावं. एरवी बुफेत लांबच्या लांब मांडलेल्या ट्रेंपेक्षा करून देणारे काउंटर पाहावेत: अंडी, पास्ता, मांस कापून वाढणारा, आणि बहुतेक मोठ्या जहाजांवर एका कोपऱ्यातला भारतीय विभाग. तिथली डाळ आणि रस्साभाजी जेवणाची वेळ सुरू होऊन अर्ध्या तासाने घ्यावी, ऐन शेवटी घेऊ नये. अमेरिकी बंदरांना लागणाऱ्या जहाजांना तिथल्या आरोग्य खात्याच्या नियमांनुसार गरम पदार्थ ५७ अंश सेल्सियसच्या वर आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली ठेवावे लागतात, आणि तपासणीत १०० पैकी ८५ किंवा कमी गुण पडले तर जहाज नापास ठरतं. अन्न यामुळे सुरक्षित राहतं, पण तासभर ५७ अंशांवर राहिलेल्या भेंडीचं काय होतं ते कुणाला सांगायला नको.

बुफेच्या दारात हातावर सॅनिटायझर मारून आत शिरणं पुरत नाही. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलला फारसा जुमानत नाही. साबण आणि पाणीच लागतं. फेरीच्या पहिल्या एक-दोन दिवसांत काही जहाजांवर चमचे प्रवाशांच्या हाती न देता कर्मचारीच वाढतात, ते याच कारणाने.

आता पैशांची रेस्टॉरंट. तिथे नेमकं काय वेगळं मिळतं? आचारी आकाशातून पडलेला नसतो. बऱ्याचदा मेन डायनिंगच्या गॅलीत तयार झालेलाच तिथे बढतीवर आलेला असतो. भाजी, लोणी, पीठ त्याच कोठारातलं. सगळा शिधा फेरी सुरू होणाऱ्या बंदरावर एका दिवसात भरतात, त्यामुळे सहाव्या दिवशीची स्ट्रॉबेरी दोन्हीकडे तेवढीच सुकलेली असते. वेगळं असतं ते म्हणजे मांसाची प्रत, लहान गॅली आणि कमी पानं. ऑर्डर गेल्यावर तवा तापतो, आणि तवा ते टेबल हे अंतर काही पावलांचं असतं. शिवाय शांतता. दोन-अडीच तास कोणी उठवत नाही.

म्हणून तेप्पान्याकी पैसे वसूल करतं, कारण तवाच समोर असतो. स्टेकहाउसही करतं, पण कोणासाठी, हे इथे मोकळेपणाने बोललं पाहिजे. स्टेकहाउसचा दर बीफच्या दर्जावर ठरलेला असतो. बीफ न खाणाऱ्या माणसाने तेवढेच पैसे भरून चिकन खाणं म्हणजे दुसऱ्याच्या जेवणाची वर्गणी भरणं. कोकराच्या चॉप्स किंवा लॉबस्टरवर खरोखर जीव असेल तरच जावं. सुशीबद्दल लोकांचा समज असतो की समुद्रावर आहोत म्हणजे मासा ताजा. जहाज मासेमारी करत नाही. कच्चा खायचा मासा परजीवी मरावेत म्हणून आधी खोल गोठवलेला असतो, उणे २० अंशांवर आठवडाभर किंवा त्याहून थंड ठिकाणी काही तास, आणि चांगल्या रेस्टॉरंटांत किनाऱ्यावरही तेच करतात. सुशीत पैसे जातात ते भाताला आणि सुरीच्या हाताला. ते हात चांगले असतील तर हरकत नाही.

इटालियन रेस्टॉरंट हा माझ्या मते सगळ्यात फसवा खर्च. पास्ता तिथे ताजा परततात हे मान्य, पण मेन डायनिंगच्या इटालियन रात्रीत आणि त्यात जो फरक पडतो त्याला ४० डॉलर जास्त आहेत. पैशांचा बर्गर आणि पैशांचा नाष्टा यांचा तर विचारही करू नये. डेकवर फुकटचा बर्गर समोर परतून देतात आणि तो उत्तम असतो. शेफ्स टेबल, म्हणजे दहा-बारा माणसांसाठी शेफ स्वतः वाढतो ते लांबलचक जेवण, हा हौसेचा मामला आहे. त्याला वसुलीचा हिशोब लावता येत नाही.

मेन डायनिंगच्या मेन्यूतच खाली चौकटीत काही महाग पदार्थ दिलेले असतात, उत्तम प्रतीचा स्टेक, अख्खा लॉबस्टर वगैरे. हा सौदा सगळ्यात वाईट. माल चांगला, पण प्रवास तोच: गरम कपाट, झाकण, ट्रे.

शाकाहारी आणि जैन मंडळींसाठी गणित उलटं फिरतं. कोल्हापूर, जयसिंगपूर, इचलकरंजीकडून जाणाऱ्या गटांत जैन कुटुंबं बरीच असतात. अशांना परदेशी जहाजावर सगळ्यात चांगलं जेवण मेन डायनिंगमध्येच मिळतं, पैशांच्या रेस्टॉरंटमध्ये नाही. स्टेकहाउसमध्ये शाकाहारी माणसाच्या वाट्याला येतात भाजलेला बटाटा, मश्रूम आणि एखादा रिझोतो. मेन डायनिंगच्या मागे मात्र भारतीय आचारी असतात, आणि आदल्या रात्री हेड वेटरला सांगितलं तर दुसऱ्या दिवशी डाळ, भात, दोन भाज्या आणि पोळीसारखं काहीतरी येतं. अट एकच, की आदल्या रात्री सांगायचं. ऐनवेळी सांगितलं तर बुफेतलीच भाजी ताटलीत घालून येते.

जैन जेवणाची नोंद तिकीट काढतानाच करावी, निदान महिना-दीड महिना आधी, आणि बोर्डिंगच्या दिवशी भोजनगृहाच्या मॅनेजरला भेटून पक्की करावी. कांदा, लसूण, बटाटा, गाजर, मुळा नको असं एकेक नाव घेऊन सांगावं. नुसतं 'जैन' म्हटलं की काहींना फक्त कांदा-लसूण आठवतो. चौविहार पाळणाऱ्याने, म्हणजे सूर्यास्तानंतर काही न खाणाऱ्याने, पहिली बैठक घ्यावी, पण सूर्यास्त किती वाजता आहे ते रोजच्या पत्रकात बघावं. उष्ण कटिबंधात, सिंगापूरकडे, सूर्य सात-सव्वासातला मावळतो आणि सहाची बैठक आरामात बसते. हिवाळ्यात भूमध्य समुद्रात पाचच्या सुमारास अंधार पडतो. तिथे बैठकीवर भरवसा न ठेवता दुपारच्या बुफेतून आधीच सोय करावी लागते.

शाकाहारी म्हणून खूण केलेल्या पदार्थांतही विचारावं. फ्रेंच अनियन सूप परंपरेने गाईच्या मांसाच्या स्टॉकवर होतं. सीझर सॅलडच्या सॉसमध्ये अँकोव्ही मासा असतो. परमेसान चीजमध्ये प्राणिज रेनेट, म्हणजे वासराच्या पोटातून काढलेलं विरजण, असतं. जेलीत आणि मूसमध्ये (फेसाळ गोड पदार्थ) जिलेटिन, तेही प्राण्यांचंच. वेटरला 'नो मीट' सांगितलं तर यातलं निम्मं त्याच्या डोक्यात येत नाही. 'नो मीट, नो फिश, नो एग, नो स्टॉक' असं तोडून सांगावं.

कांदा-लसणीची चटणी न्यावी का, हा कोल्हापूरचा खास प्रश्न. कारखान्यातून बंद होऊन आलेलं कोरडं पाकीट बहुतेक जहाजांवर चालतं. घरी भरलेला डबा, शिजवलेलं अन्न, ताजी फळं यांना हरकत घेतात. विमानाने जाऊन जहाज पकडायचं असेल तर चटणी केबिन बॅगेत न ठेवता सामानात द्यावी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडच्या बंदरांवर उतरताना बरोबर काहीही खाण्याचं असेल तर ते जाहीर करावंच लागतं, तिथे दंड मोठा आहे. विजेची किटली मात्र कोणी नेऊ नये. पाणी तापवायची साधनं बंदी असलेल्या यादीत असतात आणि ती सामान तपासतानाच काढून ठेवतात. गरम पाणी बुफेत चोवीस तास मिळतं.

मुंबई-गोव्याच्या दोन-तीन रात्रींच्या फेरीला मात्र हे सगळं पाल्हाळ लागू नाही. १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून सेवेत आलेलं, पुढे 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालेलं जहाज २०२१ पासून कॉर्डेलिया या भारतीय क्रूझ कंपनीचं 'एम्प्रेस' म्हणून मुंबईहून धावतं. तिथे भारतीय शाकाहारी आणि जैन जेवण हीच मुख्य गोष्ट आहे, वेगळी विनंती नाही. पैशांचं पॅन-एशियन रेस्टॉरंट आहे, पण रात्रीची जेवणंच दोन-तीन. त्यातलं एक वेगळं विकत घ्यायला कारण सापडत नाही. सिंगापूरहून सुटणाऱ्या 'जेंटिंग ड्रीम'वरही भारतीय प्रवासी इतके, की भारतीय शाकाहारी जेवण तिकिटातच मिळतं. विचार करायची वेळ येते ती युरोप, अमेरिकेच्या पाच-सात रात्रींच्या फेरीत.

तिथला हिशोब असा मांडावा. माणशी ६० डॉलरचं स्टेकहाउस, चार माणसं, २४० डॉलर. त्यावर टिप म्हणून १८ टक्के आपोआप लागतात, म्हणजे ४३ डॉलर २० सेंट. डॉलर ९० रुपयांना धरला तर एका रात्रीचे सुमारे २५,५०० रुपये. दरमाणशी रोजची जहाजाची टिप, साधारण १६ ते २० डॉलर, ती वेगळी आणि ती मेन डायनिंगमध्ये जेवा न जेवा बिलात लागते. जहाजावर क्रेडिट कार्ड जोडलं असेल तर बँकेचा परकी चलनाचा दोन-साडेतीन टक्के आकार धरावा, आणि बिल रुपयांत हवं का असं मशीनने विचारलं तर नको म्हणून डॉलरच निवडावा. फोरेक्स किंवा डेबिट कार्ड जोडलं तर जहाज त्यावर रोज काही रक्कम अडवून ठेवतं, आणि उतरल्यावर ती सुटायला काही दिवस लागतात; किनाऱ्यावर खरेदी करताना कार्ड रिकामं लागतं ते यामुळे.

पैसे कमी करायचे रस्ते आहेत. जहाजावर चढल्यावर घेण्यापेक्षा आधी ॲपवर घेतलेलं सहसा स्वस्त पडतं. पहिल्या रात्री रेस्टॉरंट रिकामी असतात, म्हणून त्या रात्रीची सवलत विचारावी. समुद्रातल्या दिवशी दुपारी स्टेकहाउस उघडं असेल तर तीच गॅली, जवळपास तेच पदार्थ आणि दर पुष्कळ कमी. मुलांना कमी दर किंवा अगदी लहानांना मोफत असतं, पण जागा त्यांच्याही नावाने धरावी लागते. सगळ्या रात्रींचं एकत्र पॅकेज मात्र फार कमी लोकांना परवडतं, कारण रोज अडीच तास जेवायला बसलं की नाटकाचा, गाण्याचा खेळ हुकतो, आणि चौथ्या रात्री तेच स्टेकहाउस पुन्हा बघून कंटाळा येतो.

रात्र निवडताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. औपचारिक पोशाखाच्या रात्री मेन डायनिंगचा मेन्यू सगळ्यात चांगला असतो, लॉबस्टर निघालं तर त्याच रात्री निघतं; त्या रात्री बाहेर जेवायला पैसे देणं वाया. आणि ज्या दिवशी जहाज बंदरावरून उशिरा निघणार आहे त्या दिवशीचं बुकिंग टाळावं. रोमहून बसने दमून यायचं, सात वाजता डोळे मिटायला लागलेले, आणि आठची वेळ धरलेली. न येणाऱ्याला पूर्ण पैसे लावतात. रद्द करायचं तर बहुतेक ठिकाणी २४ ते ४८ तास आधी कळवावं लागतं.

समुद्र खवळलेला असेल तर जागेचाही विचार होतो. स्पेशालिटी रेस्टॉरंट बऱ्याचदा वरच्या डेकवर असतात आणि जहाजात जेवढं वर जावं तेवढं जास्त हलतं. मेन डायनिंग खाली असतं, पण अनेक जहाजांवर मागच्या टोकाला, तिथे इंजिन आणि जहाज ढकलणाऱ्या पाण्यातल्या पंख्याची थरथर जाणवते. मळमळण्याची सवय असणाऱ्याने खालच्या डेकवर जहाजाच्या मध्याकडचं टेबल मागावं, सूप नको म्हणावं, आणि वरचं बुकिंग सकाळीच दुसऱ्या रात्रीवर ढकलून घ्यावं. हवामानासाठी असा बदल रेस्टॉरंटचा मॅनेजर बहुधा मुकाट करून देतो, कारण त्या रात्री त्याच्याकडेही निम्मी टेबलं रिकामीच राहणार असतात.